नावाचा घोळ

जलपर्णीबद्दल फोनवर बोलता बोलता आत्या परवा म्हणाली, "एवढे शिकलात सगळे, ती खाणारा एखादा किडा नाही का सोडता येत?" येतो की! पण आधी वनस्पतीचं नाव नीट कळावं लागतं. ती गोष्ट फोनवर राहून गेली, म्हणून इथे.

गोष्ट जलपर्णीची नाही, तिच्याइतक्याच उपद्रवी साल्व्हिनियाची. हा पाण्यावर तरंगणारा नेचा. तुकडा तुटला की झालं नवं रोप. आफ्रिकेत झांबेझीवरच्या करिबा धरणात १९५८च्या अखेरीस पाणी अडवलं आणि चार वर्षांत सुमारे हजार चौरस किलोमीटर पाणी त्याने झाकून टाकलं. तज्ज्ञांनी त्याला 'साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा' ठरवलं, आणि मग तिचे शत्रू शोधायला माणसं गेली त्रिनिदाद-गयानाकडे. तिथून आणलेला भुंगेरा सोडून पाहिला. फारसं काही झालं नाही.

१९७२ साली डेव्हिड मिचेल यांनी दाखवलं की ही जातच वेगळी: 'साल्व्हिनिया मोलेस्टा'. तिचं माहेर सापडलं १९७८ साली, आग्नेय ब्राझीलमध्ये. तिथला जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगेरा (तांदळातल्या सोंडकिड्यांचा भाऊबंद) १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला, आणि सव्वा वर्षात तलाव मोकळा! गंमत म्हणजे हा भुंगेरा आधीच्याच जातीचा, असं सगळे धरून चालले होते. तोही वेगळा निघाला, त्याला स्वतःचं नाव मिळालं १९८५ साली. काम आधी, बारसं नंतर.

आपल्याकडे केरळातल्या कुट्टनाडमध्ये याच नेच्याने कालवे तुंबले, होड्या अडल्या, भातखाचरं भरली. तिथे त्याला म्हणतात 'आफ्रिकन पायल', म्हणजे आफ्रिकेचं शेवाळ. ना आफ्रिकेचं, ना शेवाळ... असो. १९८०च्या दशकात तो भुंगेरा ऑस्ट्रेलियातून बंगळुरूला आला, आधी तिथल्या एका कमळतळ्यात आणि मग केरळात सोडला. काही वर्षांत कालवे पुन्हा वाहते झाले.

आता आत्याचा मूळ प्रश्न. जलपर्णीचे भुंगेरेही त्याच दशकात भारतात आणून सोडले आहेत. पण सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी त्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. आणि पोकलेनने ती उपसली, की पानांत बसलेले भुंगेरेही तिच्याबरोबर डंपरमध्ये जातात.