जीर्णोद्धाराचा अर्ज

गेले दोन शनिवार काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी. ऑफिसात रिलीज होती. ती संपते न संपते तोच गावाहून काकांचा फोन आला. "अरे, भैरोबाच्या देवळाचा सभामंडप पाडून नवीन बांधायचं ठरतंय. आरसीसीचा. तू शिकलेला आहेस, अर्ज जरा बरा लिहून दे."

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. मंडप लाकडी आहे, बारा खांबांचा. खांबांच्या वर कोरलेली केळफुलं, डोक्यावर कौलं. लहानपणी सुट्टीत आम्ही त्या खांबांभोवती शिवाशिवी खेळायचो. चार खांब वाळवीने बुडाशी खाल्लेत आणि पावसात गळतं, हे मलाही माहीत आहे. पण ‘पाडून’ हा शब्द ऐकल्यावर पोटात काहीतरी झालं. "बघतो काका" म्हणालो आणि फोन ठेवला.

आता योगायोग बघा. सध्या मी कामानिमित्त न्यू जर्सीत, मॉरिस काउंटीत राहतो. आणि जुन्या प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला सरकारने पैसे द्यावेत का, या प्रश्नावरचा एक मोठा खटला याच काउंटीविरुद्ध लढला गेला! शनिवारी दुपारी मॉरिसटाउनच्या ग्रीनवर, म्हणजे गावाच्या मधल्या मोठ्या हिरवळीवर, चक्कर मारताना समोरच्या चर्चकडे बघून तो आठवला. मग घरी येऊन निकाल वाचायला घेतला तो रात्री दोनपर्यंत. आजचा लेख त्याचाच.

आधी थोडं मागे जाऊ. अमेरिकेला जुन्या इमारतींचं प्रेम पहिल्यापासून होतं असं काही नाही. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचं पेन स्टेशन पाडायला सुरुवात झाली. प्रचंड खांबांचं, देखणं स्टेशन, आणि कायद्याने ते कोणीच थांबवू शकत नव्हतं. त्या धक्क्यातून लोक जागे झाले. १९६६ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा आला, राष्ट्रीय नोंदवही आली. १९७६ मध्ये त्यासाठी वेगळा निधी उभा राहिला. तो कुठून यावा? समुद्रातल्या तेल आणि वायूच्या लीजमधून सरकारला मिळणाऱ्या पैशातून! जमिनीखालचं एक कायमचं संपवतोय, तर त्यातलं थोडं जमिनीवरचं टिकवायला वापरू, असा हिशोब. मला तो आवडला.

पण या नोंदवहीत एक गंमत आहे. प्रार्थनास्थळं तिच्यात साधारणपणे बसत नाहीत. वास्तुकला, कला किंवा इतिहास म्हणून महत्त्व सिद्ध केलं तरच बसतात. म्हणजे अर्जात देव मधे आणायचा नाही. छताची कैची, खिडकीची कमान, बांधणाऱ्याचं नाव, साल, हे सगळं लिहायचं.

काउंटीची योजना याच धर्तीवर. मॉरिस काउंटीतल्या मतदारांनी १९९२ मध्ये मोकळ्या जागा वाचवण्यासाठी प्रॉपर्टी टॅक्सवर एक छोटा जादा कर मान्य केला आणि २००२ मध्ये त्यातला काही भाग ऐतिहासिक इमारतींसाठी वापरायला परवानगी दिली. (घरमालक हा कर माझ्या भाड्यात धरतोच, तेव्हा मीही त्यातला एक वर्गणीदार!) अर्ज करायचा तर इमारत नोंदवहीत असावी किंवा पात्र ठरलेली असावी लागते. काम ठरलेल्या मानकांप्रमाणे व्हावं लागतं, आणि त्यातलं मुख्य कलम असं की दुरुस्ती होण्यासारखी असेल तर बदलू नका. अनुदान मोठं असेल तर मालकाने ३० वर्षांचा करार लिहून द्यायचा, की काउंटीला विचारल्याशिवाय इमारतीत फेरफार करणार नाही. पैसा फुकट नाही. घराचा थोडासा ताबा गहाण ठेवण्यासारखंच आहे ते.

२०१२ ते २०१५ या काळात या निधीतून बारा चर्चना मिळून सुमारे ४६ लाख डॉलर मिळाले. ग्रीनवरचं प्रेस्बिटेरियन चर्चही त्यात होतं. या मंडळींचा इतिहास मोठा आहे. १७७७ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनचं सैन्य मॉरिसटाउनला तळ देऊन होतं. देवीची साथ होती, वॉशिंग्टनने सैनिकांना देवी टोचून घ्यायला लावल्या आणि चर्चमध्ये आजारी माणसं ठेवली गेली. आत्ताची इमारत तेव्हाची नाही, पण जागा आणि मंडळी तीच.

मग २०१५ मध्ये खटला झाला. एक करदाता आणि धर्म व सरकार वेगळे ठेवा म्हणणारी एक संस्था कोर्टात गेली. म्हणणं सोपं होतं: चर्चच्या छपरासाठी आमचा कर वापरायचा नाही. त्यांच्या हातात न्यू जर्सीच्या राज्यघटनेचं एक कलम होतं, २ जुलै १७७६ चं! म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर व्हायच्या दोन दिवस आधीचं. त्यात म्हटलंय की कोणाही माणसाला प्रार्थनास्थळं बांधण्यासाठी किंवा त्यांच्या दुरुस्तीसाठी कर द्यायला भाग पाडलं जाणार नाही. ‘दुरुस्ती’ हा शब्द त्यात स्पष्ट आहे. १८४४ ची घटना आली, १९४७ ची आली, कलम राहिलं.

हे कलम का आलं असेल ते समजायला शेजारी बघावं. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सक्तीचा कर १८३३ पर्यंत चालू होता. एका पंथाच्या माणसाने दुसऱ्या पंथाच्या पाद्र्याचा पगार भरायचा! ज्यांनी हे सोसलं होतं किंवा शेजारी पाहिलं होतं, त्यांच्या दृष्टीने चर्चच्या छपराचा खर्च ही जुनी इमारत वाचवण्याची गोष्ट नव्हती. त्यांच्यासाठी तो जुलूम होता.

खालच्या कोर्टाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. १८ एप्रिल २०१८ रोजी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने तो फिरवला. मुख्य न्यायमूर्ती स्टुअर्ट रॅबनर यांनी निकाल लिहिला. दिलेले पैसे परत मागितले नाहीत, पण पुढे द्यायचे नाहीत असं ठरलं. मला यात सगळ्यात लागलं ते वेगळंच. कोर्टाने चर्चचे अर्ज वाचले होते. काही अर्जांत सरळ लिहिलं होतं की दुरुस्ती झाली म्हणजे आम्हाला इथे उपासना चालू ठेवता येईल. कैच्या आणि कमानींच्या वर्णनात कोणीतरी एक खरं वाक्य लिहून गेला, आणि तेच पुरावा म्हणून उभं राहिलं.

तुम्ही म्हणाल, मग अमेरिकेत हा विषय संपला. नाही ना! २००३ मध्ये केंद्र सरकारने बॉस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चला ३ लाख १७ हजार डॉलरचं अनुदान दिलं. १७७५ मध्ये इंग्रज सैन्य निघाल्याची खूण म्हणून ज्याच्या मनोऱ्यात दोन कंदील लावले गेले, ते हे चर्च. तिथे आजही उपासना चालते, आणि तोवर अशा चालत्या चर्चला पैसे देणं सरकारी वकिलांना घटनाबाह्य वाटत होतं. त्या वर्षी सरकारने मत बदललं. मॉरिस काउंटीचं प्रकरण देशाच्या सुप्रीम कोर्टाकडे गेलं तेव्हा मार्च २०१९ मध्ये कोर्टाने ते ऐकायला नकार दिला, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण जोडलं: सगळ्या जुन्या इमारतींना पैसे देता आणि केवळ धार्मिक म्हणून यांना वगळता, हा उघड भेदभाव आहे. २०२३ मध्ये काउंटीतली दोन चर्च त्याच मुद्द्यावर फेडरल कोर्टात गेली.

खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू पटतात. काय करू!

आता गावाकडे या. आपल्याकडे देवळाची दुरुस्ती सरकारी पैशातून व्हावी का, हा प्रश्नच जुन्या काळी असा नव्हता. देवस्थानाला इनाम जमीन असायची, तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती आणि डागडुजी. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांचं इनाम कमिशन आलं आणि गावोगाव विचारू लागलं, सनद दाखवा. ज्याच्याकडे कागद होता त्याचं म्हणणं टिकायला सोपं. ग्रँटचा फॉर्म भरणाऱ्या आजच्या माणसाला ही धडधड ओळखीची वाटेल.

अहिल्याबाई होळकरांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. काशी विश्वेश्वराचं आत्ताचं देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास बांधलं, देशभर घाट आणि देवळं बांधली. पण होळकरांकडे दौलतीचा हिशोब वेगळा आणि खासगीचा वेगळा असायचा, आणि बाईंचा धर्मकार्याचा खर्च खासगीतून व्हायचा. न्यू जर्सीच्या शेतकऱ्यांनी १७७६ मध्ये कागदावर जी रेघ ओढली, तशीच एक रेघ महेश्वरच्या वह्यांत होती म्हणा ना.

आपल्या राज्यघटनेतही कलम २७ आहे: विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून राखून ठेवलेला कर द्यायची सक्ती कोणावर नाही. खासदार निधीच्या नियमांत तर प्रार्थनास्थळातलं काम बसतच नाही. म्हणून काका आणि मंडळी तीर्थक्षेत्राच्या ‘क’ वर्गाच्या मागे लागली आहेत. काकांनी व्हॉट्सॲपवर कागद पाठवले. वर्षाला भाविक किती येतात? यात्रा किती दिवस? राहायची सोय? स्वच्छतागृह? मी ते दोनदा वाचले. मंडप किती जुना आहे, हे मला कुठेच विचारलेलं दिसलं नाही.

गंमत बघा. मॉरिसटाउनच्या अर्जात ‘उपासना’ लिहिलं की पैसे गेले. आमच्या गावच्या अर्जात ‘जुनं’ लिहिलं तर कोणाला काही फरक पडत नाही, उलट जुनं म्हणजे धोकादायक, म्हणजे पाडायला सोपं. जुनेपणाची कदर करणारं पुरातत्त्व खातं आहे, पण ते संरक्षित यादीतल्या स्मारकांचं बघतं. आमचा भैरोबा कुठल्याच यादीत नाही. तिकडे इमारत मोजतात, इकडे माणसं मोजतात. आणि मंडप तर दोन्हींमुळे उभा आहे! त्यात भजन होतं म्हणून लोक कौलं परततात. केळफुलं सुंदर आहेत म्हणून भजन तिथेच बरं वाटतं.

‘जीर्णोद्धार’ या शब्दाचंही आपण काय केलंय पाहा. जीर्ण झालेल्याला वर काढायचं, असा त्याचा अर्थ. गावात जीर्णोद्धाराचा बोर्ड लागला की मी हल्ली समजतो, जुनं पाडणार, टाइल्स लावणार आणि ऑइल पेंट मारणार.

असो. परवा काकांना फोन केला. म्हटलं, "काका, पाडायच्या आधी सुताराला एकदा दाखवा ना." ते जरा नाराज झाले, पण घेऊन गेले. सुतार म्हणाला, आठ खांब ठणठणीत आहेत. चार खांबांचा खालचा दीडेक फूट कापून सागाचा तुकडा सांधता येईल. वाशे बदलावे लागतील. हाच सल्ला इथल्या मानकांत कलम घालून दिलाय आणि आमच्या सुताराने तो बिडी ओढता ओढता दिला!

मग अर्ज लिहिला. भाविकांचा आकडा लिहिला, यात्रेचे दिवस लिहिले. खाली दोन वाक्यं घातली: हा लाकडी मंडप गावाने पिढ्यानपिढ्या जपलेला आहे, तो न पाडता दुरुस्त करावा. आणि गावाला यात दर शनिवारी भजन करायचं आहे. यातलं एकही वाक्य गाळायचं नाही असं ठरवलं होतं.

काकांनी वाचून फोन केला. "दुरुस्तीला कोण पैसे देतंय रे? नवीन बांधायचं म्हटलं तर कोनशिलेवर नाव तरी लागतं." त्यांचं चुकतंय असं मला म्हणता आलं नाही. अर्ज आता चैत्रातल्या यात्रेच्या बैठकीत वाचणार आहेत. काय होईल देव जाणे. तोवर पावसाच्या आधी कौलं तरी परतून घ्या म्हणून मी थोडे पैसे पाठवले, खासगीतून. काकांनी लगेच पावती फाडून तिचा फोटो पाठवला. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: मंडप दुरुस्ती. पाडकाम नाही लिहिलं, एवढं मी दोनदा तपासलं.

पुढच्या शनिवारी भेटू. रिलीज नसेल तर!