साधन बदलून मागणे हा हक्क आहे : गिरणीच्या धोट्यापासून घोडबंदरच्या टाकीपर्यंत

मे 2019 मध्ये घोडबंदर रोडलगतच्या ढोकाळीत एका उच्चभ्रू गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत आठ सफाई कामगार रात्री उतरले. त्यातले तिघे गुदमरून मेले. सप्टेंबर 2023 मध्ये तिथून जवळच बाळकुमला 40 मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळली आणि सात मजूर ठार झाले. दोन्ही वेळा बातमीत एकच शब्द होता, ‘दुर्घटना’. आमचा या शब्दालाच आक्षेप आहे. ज्या कामाचा धोका आधीपासून माहीत आहे, ज्याची साधने बाजारात मिळतात, ज्याचा कायदा लिहिलेला आहे, तिथे माणूस मेला तर त्याला दुर्घटना कशी म्हणायची?

साधन कोणाला मिळते, कोणत्या दर्जाचे मिळते आणि खराब निघाले तर ते बदलून मागायची ताकद कोणात असते, हा प्रश्न आपल्याकडे कधीच निव्वळ तांत्रिक नव्हता. तो जातीचा प्रश्न होता आणि आजही आहे. हे समजून घ्यायला मुंबईच्या गिरणीत जावे लागेल.

कापड गिरणीत विणकाम खात्याचा पगार चांगला होता. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या कताई खात्यात अडकून पडली. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला.

या कथेची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तोंडाने धागा ओढायचा धोटा सगळ्याच विणकरांसाठी घातक होता. कापसाची धूळ छातीत जाई, एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाई, क्षय पसरण्याची भीती असे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्येच अशा धोट्यावर बंदी घातली होती. हाताने धागा ओवता येईल असा धोटा तेव्हा उपलब्ध होता. म्हणजे 1928 मध्ये मुंबईत विटाळाचे जे कारण पुढे केले जात होते, ते एक साधन बदलले असते तर निकालात निघाले असते. पण मालकाला खर्च नको होता आणि सवर्ण कामगाराला विटाळ सोडायचा नव्हता. त्याने घातक साधन तोंडाला लावले, पण आपल्या माणसाला शेजारी उभे राहू दिले नाही. जात कामगाराला स्वतःच्या आरोग्याच्या हिताविरुद्ध कशी उभी करते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

कायद्याचा इतिहासही पाहा. ठाण्यात जन्मलेले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा पहिला कारखाना कायदा तीन वर्षांचा होता आणि 100 कामगारांच्या खालचा कारखाना त्यात येतच नव्हता. 1934 च्या कायद्यात ही मर्यादा 20 होती. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, 1945 मध्ये, केंद्रात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय सुरू झाले. पुढे याच यंत्रणेतून शीवची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट उभी राहिली. सुरक्षा साधने तपासणारी प्रयोगशाळा आज तिथेच आहे. जगजीवनराम कामगारमंत्री असताना 1948 चा कारखाना कायदा आला आणि वीज वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा 10 कामगारांवर आली. विषारी वायूच्या जागी श्वसनयंत्र, पट्टा आणि दोर तयार ठेवायचा, जाणकाराकडून तो वेळोवेळी तपासून प्रमाणित करून घ्यायचा, असे त्या कायद्यात लिहिले गेले.

आता उलटा प्रवास सुरू आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या पुन्हा 20 कामगारांवर गेली. 1934 चे 20, 1948 चे 10, आता पुन्हा 20. लहान वर्कशॉपात ग्राइंडरवर, वेल्डिंगवर, प्रेसवर आपली किती मुले काम करतात, ते प्रत्येकाने आपल्या वस्तीत मोजावे.

घोडबंदरला आणखी एक गोष्ट घडली. कोलशेतपासून मानपाड्यापर्यंत एकेकाळी मोठे कारखाने होते. तिथे सुरक्षा अधिकारी होता, युनियन होती, निरीक्षकाची भीती होती. त्या जागांवर आता टॉवर आले. टॉवरच्या तळाशी असलेली सांडपाण्याची टाकी कारखान्याइतकीच घातक असते. पण तिथे ना युनियन, ना निरीक्षक. असतो तो फक्त ठेकेदार. आणि त्या टाकीत उतरणारा कोणत्या समाजाचा असतो, हे आम्ही सांगायला नको.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा त्याच वर्षी 6 डिसेंबरला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी लागू झाला. त्याच्या नियमांत साधनांची लांब यादी आहे. ती साधने मालकाने पुरवायची, दर सहा महिन्यांनी तपासायची, खराब झालेली दुरुस्त करायची किंवा बदलायची. 20 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई 30 लाख केली. तरी सरकारच्याच सामाजिक लेखापरीक्षणात 54 मृत्यू तपासले, तेव्हा 49 जणांकडे एकही सुरक्षा साधन नव्हते असे निघाले.

काही जण म्हणतात, ‘साधने देतो, पण कामगारच वापरत नाहीत.’ आमचा प्रतिप्रश्न आहे, देता काय? टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, प्राणवायू कमी असतो. वायूचे प्रमाण वाढले की नाकाला वासही कळेनासा होतो. अशा ठिकाणी धुळीचा मास्क दिला तर तो कण अडवतो, वायू नाही. तिथे बाहेरून हवा पुरवणारे श्वसनयंत्र लागते. सर्वांना एकाच मापाचे बूट, घाम येताच काच धूसर करणारा गॉगल, बोटे न वळणारे हातमोजे दिले तर कामगार ते काढून ठेवणारच. दोष त्याच्या शिस्तीचा नाही, साधनाचा आहे. निकृष्ट साधन तर साधन नसण्यापेक्षा घातक. ते खोटा भरवसा देते आणि ठेकेदाराच्या हाती ‘दिले’ म्हणून सहीचा कागद ठेवते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की साधन हातात येताच तपासा. हेल्मेट, बूट, पट्टा यांवर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल क्रमांक आहे का पाहा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाका. खोटा निघाला किंवा माल निकृष्ट निघाला तर तिथेच तक्रार करता येते. खराब साधन फेकू नका, तोच पुरावा आहे. फोटो काढा, तारीख लिहा, बदलून देण्याची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. ‘मिळाले’ अशी सही करताना साधनाची अवस्थाही लिहा. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जा, सोसायटीची टाकी असेल तर महापालिकेकडे. साधनाचे पैसे पगारातून कापू देऊ नका. जुन्या कायद्यात ते बेकायदा होते, नव्या संहितेतही आहे. एकट्या कामगाराला हे जमत नाही, दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरून परत पाठवतात. म्हणून अर्जावर संघटनेचे नाव असले पाहिजे.

आणि एक गोष्ट विसरू नका. टाकीत माणसाने उतरूच नये, यंत्राने काम करावे, ही आपली मूळ मागणी आहे. चांगला मास्क हा त्या मागणीचा पर्याय नाही. पण ती पूर्ण होईपर्यंत एकही भाऊ फाटक्या हातमोज्यावर आणि धुळीच्या मास्कवर खाली जाता कामा नये.

दरवर्षी 14 एप्रिलला घोडबंदरच्या चौकाचौकात आपले फलक लागतात. त्या फलकांखाली उभ्या असलेल्या प्रत्येक तरुणाने आपल्या वस्तीतल्या एका कामगाराचे हेल्मेट आणि बूट तपासावेत. बाबासाहेबांचे मजूरमंत्रिपद आपल्याला खरेच कळले आहे का, ते त्यावरून ठरेल.

जय भीम!