डोलाची काठी

चैत्री पुनवेला आपल्या सातारा-सांगलीकडच्या गावांच्या सासनकाठ्या जोतिबाच्या डोंगरावर जातात. पाडळीच्या काठीचा मान तर पहिला. उंच बांबू, बूड पेलणारा एक गडी आणि चहूबाजूंनी दोऱ्या ताणून धरलेली माणसं. एक दोरी सैल पडली की काठी कलते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आज आम्ही जिच्याबद्दल बोलणार आहोत तीही अशीच दोरांवर उभी असते, फक्त पाण्यावर. शिडाच्या जहाजाची डोलकाठी.

घाटावरच्या बायांना डोलकाठीचं काय, असं वाटेल. पण १७१३-१४ मध्ये शाहू महाराजांच्या वतीनं बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांशी समेट केला. तेव्हापासून कान्होजी साताऱ्याच्या छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. त्यांच्या गलबताला दोन डोलकाठ्या असत, थोरली आणि धाकटी. थोरलीवर मोठं तिकोनी शीड. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ही चालत.

डोलकाठीचं बूड जहाजाच्या तळाशी जाड लाकडाच्या खाचेत बसतं. वर ती आडव्या तुळईला आवळलेली असते आणि शेंड्यापासून दोर खाली ताणलेले असतात. उभी आहे तोवर तिचा भार सरळ बुडावर. खरं काम ती उतरवताना. पाणी शांत असलेली जागा बघायची. आधी शीड आणि त्याची तिरकी आडकाठी खाली घ्यायची, म्हणजे वरचं ओझं कमी होतं. मग आवळलेले दोर सोडायचे. काठी कलायला लागली की भार बुडावरून दोरावर येतो, आणि जितकी आडवी होत जाईल तितकी ओढ वाढते. शेवटच्या दोन-चार हातांत ओढ सगळ्यात जास्त, आणि माणूस नेमका तिथंच ढिला पडतो. म्हणून दोर नुसत्या हातात धरत नाहीत. खुंटाला वेढे देऊन जरा जरा सोडतात. म्हैस ओढायला लागली की आपण दावं खुंट्याला गुंडाळतो, तेच. एक जण बुडापाशी, ते उसळू नये म्हणून. काठीखाली कुणी थांबायचं नाही आणि हुकूम एकाचाच. दहा जण ओरडले तर काठी कुणाचंच ऐकत नाही.

हे सगळं लहान होडीचं. मोठ्या जहाजाची काठी म्हणजे अख्खं झाडच, ती अशी चार माणसांना ऐकत नाही.

आणि ते झाड आणायचं कुठून? जोतिबाजवळच पन्हाळा. तिथल्या दरबारातले रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावानं ओळखलं जाणारं 'आज्ञापत्र' १७१५-१६ च्या सुमाराचं. त्यात आरमारावर वेगळं प्रकरण आहे, आणि डोलाच्या काठ्यांचं लाकूड कुठून घ्यावं तेही आहे. रानातले सागवान वगैरे घ्या, पण सरकारची परवानगी काढून. कमी पडलं तर परमुलखातून विकत आणा. आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाला चालतं, पण रयतेच्या त्या झाडांना हात लावू नका. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, माणसांनी पोटच्या पोरागत वाढवलेली असतात. अगदी जुनं, कामातून गेलेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्या. बळजबरी नको.

तीनशे वर्षांपूर्वी, लढाईच्या जहाजांसाठीसुद्धा, हे लिहिलं गेलं. आम्हाला हे वाचून फार बरं वाटलं. मग आमच्यातली एक जण म्हणाली, "धन्याला विचारायचं, हे खरं. पण धनिणीला?"

तिच्या बांधावर आंबा होता. सासूनं लावलेला, उन्हाळ्यात हंड्यानं पाणी हिनं घातलेलं. मागच्या साली तो तोडला तेव्हा ही माहेरी होती. व्यापाऱ्यानं धन्याला विचारलं होतं, पैसेही रोख मोजले होते. सातबाऱ्यावर हिचं नाव नाही. परत आली तेव्हा बांधावर भुसा पडलेला होता, आणि खोड कुठल्या गावाला गेलं ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.