स्त्री बंद्यांचे मानसिक आरोग्य, भारतातील

न्यायाधीन वा सिद्धदोष म्हणून कारागृहात असलेल्या स्त्रियांमधील मानसिक विकार आणि त्यांवरील उपचारव्यवस्था यांचा विषय (→ कारागृह, मनोविकार).

उगम : काही विकार अटकेपूर्वीचे असतात, कौटुंबिक हिंसा, लैंगिक अत्याचार व व्यसनाधीनता ही त्यांमागील प्रमुख कारणे होत. इतर विकार बंदिवासात उद्‌भवतात किंवा बळावतात. खटल्यातील दिरंगाई, जामीनदार न मिळणे, कुटुंबाने संबंध तोडणे व मुलांचा वियोग यांचा त्यात वाटा असतो.

वैशिष्ट्ये : अवसाद, चिंताविकृती, आघातोत्तर तणाव, निद्रानाश व स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती ही प्रमुख रूपे होत. प्रसूतिपश्चात अवसादही आढळतो. देशातील बंद्यांत स्त्रिया सुमारे ४ टक्के असून त्यांपैकी बहुसंख्य सर्वसाधारण कारागृहांच्या स्त्री-विभागांत असतात. भायखळा, येरवडा येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र कारागृहे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील निर्णयानुसार सहा वर्षांपर्यंतची मुले मातेसोबत राहू शकतात.

महत्त्व : गुन्ह्याचा आरोप नसलेल्या मनोरुग्णांना कारागृहात ठेवणे बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरविले. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत प्रवेशावेळी मानसिक आरोग्याची तपासणी व लिंगभावसंवेदी उपचार यांची तरतूद आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना आवश्यक आहे (→ मानसिक आरोग्यसेवा अधिनियम).