टॅमनी हॉल : गरीब स्थलांतरितांना आधार देत न्यूयॉर्कची तिजोरी लुटणारी राजकीय यंत्रणा

1876 साली स्पेनमध्ये एका फरार अमेरिकन माणसाला पकडण्यात आलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला ओळखलं ते एका व्यंगचित्रावरून, असं सांगितलं जातं. हा माणूस म्हणजे विल्यम ट्वीड, ऊर्फ 'बॉस ट्वीड'. तो कधीच महापौर झाला नाही. तरी काही वर्षांपूर्वीपर्यंत न्यूयॉर्कचा महापौर कोण होणार, हे तोच ठरवत होता.

एका भ्रष्ट नेत्याची गोष्ट म्हणून ही सोडून देता येईल. पण मग एक प्रश्न उरतो. ट्वीड तुरुंगात गेल्यावरही त्याची संघटना पुढची अनेक दशकं निवडणुका कशी जिंकत राहिली?

शहर एवढं वाढलं कसं?

1800 साली न्यूयॉर्कची लोकसंख्या होती साधारण 60 हजार. 1860 मध्ये ती 8 लाखांवर गेली. आसपासचे भाग जोडून 1898 मध्ये मोठं शहर तयार झालं आणि 1900 च्या जनगणनेत आकडा 34 लाखांवर पोहोचला.

1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. सुमारे 10 लाख लोक मेले आणि त्याहून जास्त लोकांनी देश सोडला. जर्मनीतूनही मोठ्या संख्येने माणसं आली. 1860 च्या सुमारास न्यूयॉर्कमधला जवळपास दर दुसरा माणूस परदेशात जन्मलेला होता. पुढे इटली आणि पूर्व युरोपातून लोंढे सुरू झाले. 1892 मध्ये सुरू झालेल्या एलिस आयलंडच्या केंद्रातून 1954 पर्यंत तब्बल 1 कोटी 20 लाख लोक अमेरिकेत आले.

गोदी, बांधकाम आणि कपड्यांचे कारखाने यांना हात हवेच होते. पण राहायला मिळायच्या 'टेनमेंट' म्हणजे दाटीवाटीच्या भाड्याच्या इमारती. अनेक खोल्यांना खिडकीसुद्धा नसायची. डेन्मार्कहून आलेले पत्रकार जेकब रीस यांनी 1890 मध्ये फोटोंसह पुस्तक काढलं, तेव्हा कुठे श्रीमंत न्यूयॉर्ककरांना ही दुनिया दिसली.

टॅमनी हॉल म्हणजे नेमकं काय?

1780 च्या दशकात सुरू झालेला हा एक क्लब. नाव घेतलं लेनापी या मूलनिवासी जमातीच्या टॅमनेंड या प्रमुखाचं. हळूहळू तो न्यूयॉर्कमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा बनला. सुरुवातीला इथे आयरिश कॅथलिकांना फारसं कोणी विचारत नव्हतं. पण मतदारयादीत त्यांची नावं वाढली आणि टॅमनीचं धोरणही बदललं.

ही यंत्रणा चालायची कशी?

आजारपण, बेकारी किंवा घरातला मृत्यू, अशा वेळी सरकारकडून मिळणारी मदत अगदी तुटपुंजी होती. ती पोकळी टॅमनीच्या स्थानिक नेत्यांनी भरली.

थंडीत कोळसा हवाय? नेता पोहोचवायचा. मुलाला पोलिसांनी उचललं? नेता ठाण्यात हजर. पालिकेत नोकरी हवी? नेत्याची चिठ्ठी. लग्न असो वा अंत्यविधी, तो यायचाच. बदल्यात एकच अपेक्षा होती, मतदानाच्या दिवशी टॅमनीला मत.

मतदार वाढवण्यासाठी नियमही वाकवले जायचे. नागरिकत्वासाठी पाच वर्षांचं वास्तव्य लागायचं, पण 1868 च्या निवडणुकीआधी टॅमनीच्या मर्जीतल्या न्यायाधीशांनी हजारो स्थलांतरितांना धडाधड नागरिकत्व देऊन टाकलं.

ट्वीडने केलं काय?

कंत्राटदाराने बिल फुगवायचं आणि वरची रक्कम वाटून घ्यायची, ही त्याची पद्धत. एका कोर्टाच्या इमारतीवर 1 कोटी डॉलर्सहून जास्त खर्च दाखवला गेला. तुलनेसाठी, 1867 मध्ये अमेरिकेने अख्खं अलास्का 72 लाख डॉलर्सना विकत घेतलं होतं.

1871 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे हिशेब छापले. हार्पर्स वीकलीमध्ये थॉमस नास्ट यांची व्यंगचित्रं तर आधीपासूनच गाजत होती. ट्वीड पकडला गेला, पळाला, स्पेनमध्ये पुन्हा सापडला आणि 1878 मध्ये तुरुंगातच वारला.

मग विरोधक बरोबर होते का?

भ्रष्टाचाराबद्दल, हो. पण त्यातल्या अनेकांचा राग फक्त चोरीवर नव्हता, तर मत देणाऱ्या गरिबांवरही होता. खुद्द नास्ट जर्मनीत जन्मलेले, पण त्यांच्या चित्रांतला आयरिश माणूस माकडासारखा दिसायचा.

1877 मध्ये एका सरकारी आयोगाने शिफारस केली की, शहराचा खर्च ठरवणारं मंडळ फक्त मालमत्ताधारक आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाडं भरणाऱ्यांनी निवडावं. म्हणजे चोर पकडायच्या नावाखाली हजारो मजुरांचा आवाज काढून घ्यायचा. प्रस्ताव बारगळला. पण गरीब मतदारांनी मात्र ओळखलं, की टॅमनी पैसे खाते, पण आपलं मत काढून घेत नाही.

एका आगीने काय बदललं?

25 मार्च 1911 रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद होता. 146 कामगार मेले. त्यात बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित तरुणी होत्या. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये महिलांना मताचा अधिकार नव्हता.

चौकशी आयोगाचं नेतृत्व आलं टॅमनीच्याच दोन आमदारांकडे, रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ. त्यातून आगीपासून संरक्षण, कामाचे तास आणि कारखान्यांची तपासणी यांबद्दल कायद्यांची मालिकाच झाली. कोळशाची पिशवी देणारी यंत्रणा पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर हक्क देत होती.

शेवट कसा झाला?

1924 च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या कडक कोट्याने कमी केली. भारतासह आशियातल्या बहुतेक देशांसाठी दार जवळजवळ बंदच झालं. 1930 च्या दशकात सरकारी मदत योजना आणि 1935 चा सामाजिक सुरक्षा कायदा आला. आता मदतीसाठी नेत्याच्या दारात उभं राहायची गरज कमी झाली.

1934 मध्ये टॅमनीचे विरोधक फिओरेलो ला गार्डिया महापौर झाले. वडील इटालियन, आई ज्यू, आणि स्वतः कधीकाळी एलिस आयलंडवर दुभाषी. ज्या स्थलांतरितांच्या मतांवर टॅमनी मोठी झाली, त्यांच्यातल्याच एकाने तिला जबर धक्का दिला. बोटीतून उतरलेल्यांना काय सोसावं लागतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.