सुरी आणि पदच्युत तलवार

जपानी सुरीविषयी लिहिताना एक कथा हटकून सांगितली जाते. मार्च १८७६ मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी घातली. सामुराईंच्या कमरेची शस्त्रे गेली, तलवारी घडवणाऱ्या लोहारांचा आश्रय तुटला आणि पोटासाठी ते स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घडवू लागले. ही कथा सर्वस्वी खोटी नाही. अनेक लोहार खरोखरच अवजारांकडे वळले. परंतु या मांडणीत सुरीला स्वतःचा इतिहासच उरत नाही. ती केवळ पदच्युत तलवार ठरते.

ओसाकाजवळच्या साकाई बंदराची साक्ष निराळी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात आली आणि तिची पाने बारीक चिरण्यासाठी खास सुरीची गरज निर्माण झाली. साकाईच्या तंबाखू-सुऱ्या इतक्या नावाजल्या, की एदो काळात शोगुनशाहीने त्यांना गुणवत्तेची मुद्रा बहाल केली. तलवारबंदीच्या कितीतरी आधी तेथे सुरीची स्वतंत्र परंपरा उभी होती, आणि तिचा पाया व्यसनाच्या व्यापारावर होता, शौर्यावर नव्हे.

घडणीतही हे वेगळेपण दिसते. मऊ लोखंडाची पट्टी भट्टीत लाल करायची, तिच्यावर टाकणखार व लोखंडाचा कीस पसरायचा, वर कठीण पोलादाचा लहान तुकडा ठेवायचा, पुन्हा तापवायचे आणि घणाखाली दोन्ही धातू एकजीव करायचे. टाकणखार वितळून पृष्ठभागावरचा मळ वाहून नेतो. तो राहिला तर सांधा धरत नाही. कठीण पोलाद धार टिकवते, पण ठिसूळ असते. मऊ लोखंड आघात सोसते आणि सहाणेवर लवकर झिजते. शिवाय लोखंडी वाळूपासून मिळणारे पोलाद दुर्मीळ व महाग होते. ते धारेपुरतेच वापरणे ही आधी काटकसर होती. गुण म्हणून तिचे कौतुक मागाहून झाले.

तलवारीच्या एका प्रचलित रचनेत मऊ लोखंड गाभ्यात असते आणि पोलाद त्याला बाहेरून वेढते. तीन थरांच्या सुरीत नेमके उलट: पोलाद मध्ये, लोखंड दोन्ही अंगांना. सुरी ही तलवारीची लहान प्रतिकृती असती, तर हा क्रम उलटला नसता. तिच्यामागचा प्रश्नच वेगळा होता. ती रोज वापरायची होती, रोज झिजायची होती आणि सामान्य माणसाला सहाणेवर पुन्हा लावता यायला हवी होती.

मराठीत पात्याला ‘पाणी’ देतात आणि माणसालाही ‘पाणीदार’ म्हणतात. शस्त्राचा गुण माणसाला चिकटवण्याचा मोह भाषेला होतो, तसाच तो इतिहासलेखनालाही होतो. तलवारीमागे दरबार असतो, घराणे असते, आख्यायिका असते. सुरीमागे लोहार, धार लावणारा आणि मूठ बसवणारा असे तीन कारागीर असतात. साकाईत ही कामे आजही परंपरेने वेगवेगळ्या हातांत आहेत. १९८२ मध्ये साकाईच्या घडीव सुऱ्यांना जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. तो दर्जा या तिघांच्या श्रमाला आहे. तलवारीच्या उसन्या वैभवात या सुरीचा सन्मान शोधणे म्हणजे त्या श्रमाचे श्रेय दुसऱ्यांदा हिरावून घेणे होय.