वर्डप्रेस : बिनहजेरीच्या कारागिरांचा कारखाना

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात श्रमाचा हिशेब पाळी, हजेरी आणि पगारपत्रक यांवरून होतो. या पट्ट्याला लागूनच हिंजवडीत संगणक उद्योग उभा राहिला. या उद्योगात मात्र असेही एक काम आहे, ज्याची हजेरी कोणी मांडत नाही आणि ज्याचे वेतनही बहुतेकांना मिळत नाही. ब्लॉगलेखनासाठी जन्मलेल्या 'वर्डप्रेस' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची घडण हे ते काम. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे या सॉफ्टवेअरवर चालतात.

उगम

मिशेल वाल्ड्रिगी यांनी तयार केलेल्या 'बीटू' या ब्लॉग सॉफ्टवेअरचे काम थंडावले, तेव्हा अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि ब्रिटनमधील माइक लिटल यांनी तेच पुढे नेण्याचे ठरवले. त्यातून २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. बीटूला जीपीएल हा परवाना लागू असल्याने हे शक्य झाले. या परवान्यानुसार प्रोग्रॅम कोणीही वापरावा, उघडून पाहावा, त्यात बदल करावा आणि तो इतरांना द्यावा. मात्र वितरित केलेली सुधारित आवृत्तीही याच अटींवर खुली राहिली पाहिजे.

काम कसे चालते?

दोष आढळल्यास किंवा नवी सोय सुचल्यास 'ट्रॅक' या नोंदप्रणालीत 'तिकीट' उघडले जाते. कोणीही त्यावरील दुरुस्ती, म्हणजे 'पॅच', लिहून सादर करू शकतो. इतर जण ती तपासतात, त्रुटी दाखवतात. अखेरीस ती मूळ प्रोग्रॅममध्ये समाविष्ट करण्याचा अधिकार मोजक्याच अनुभवी डेव्हलपरांकडे असतो. दुरुस्ती स्वीकारली गेली की करणाऱ्याचे नाव श्रेयनोंदीत येते. मे २०२२ मधील ६.० या आवृत्तीच्या श्रेययादीत ५०० हून अधिक जणांची नावे होती.

हे काम चिकाटीची परीक्षा पाहणारे आहे. काही तिकिटे वर्षानुवर्षे निकालाविना पडून राहतात. जुनी संकेतस्थळे बंद पडू नयेत, हा वर्डप्रेसचा दंडक असल्याने सुबक नवा कोडही नाकारला जाऊ शकतो. पीएचपी ५.२ या कालबाह्य आवृत्तीला वर्डप्रेसने २०१९ पर्यंत सांभाळून घेतले, ते याच धोरणामुळे. मुख्य डेव्हलपरांची साप्ताहिक बैठकही अनेक वर्षे भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास भरत असे. दिवसभर नोकरी करून तीत भाग घेणे म्हणजे दुसरी पाळी करण्यासारखेच होते.

पुण्याचा वाटा

प्रोग्रॅम लिहिणे हाच सहभागाचा एकमेव मार्ग नाही. चाचणी, माहितीपुस्तिका, नवख्यांना मदत आणि भाषांतर ही कामेही तितकीच आवश्यक असतात. मराठी वर्डप्रेसमधील प्रत्येक सूचना कोणीतरी बसून मराठीत आणलेली असते. भाषांतर कोणीही सुचवावे आणि संपादकाने ते मंजूर करावे, अशी पद्धत आहे. 'ड्राफ्ट' म्हणावे की 'मसुदा', असे प्रश्न येथे रोजचेच.

राहुल बन्सल यांनी २००९ साली पुण्यात स्थापन केलेल्या 'आरटीकॅम्प' या कंपनीचा व्यवसाय वर्डप्रेसवरच उभा राहिला. २०१५ आणि २०१७ साली पुण्यात 'वर्डकॅम्प' हे संमेलन भरले. २०२६ च्या आशियाई वर्डकॅम्पसाठी मुंबईची निवड झाली. वर्डकॅम्पला जोडून अनेकदा 'योगदान दिन' ठेवला जातो. त्यात नवखा डेव्हलपर जाणकारांशेजारी बसून पहिला पॅच पाठवतो.

वेळेची किंमत कोणाची?

योगदानातून कौशल्य वाढते, नाव होते आणि त्या बळावर नोकरीही मिळू शकते. तरीही मोठ्या आवृत्त्यांचा भार केवळ मोकळ्या वेळेतील श्रमांवर पेलत नाही. वर्डप्रेसवर व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी आपली पाच टक्के साधने त्यासाठी द्यावीत, असे आवाहन मुलेनवेग यांनी २०१४ मध्ये केले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी 'डब्ल्यूपी इंजिन' या कंपनीवर पुरेसे योगदान न दिल्याचा आरोप केला. वाद पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील न्यायालयात पोहोचला. जानेवारी २०२५ मध्ये मुलेनवेग यांच्या 'ऑटोमॅटिक' कंपनीने आपले योगदान आठवड्याला सुमारे ४५ तासांवर आणण्याची घोषणा केली. मे महिन्याच्या अखेरीस ती पुन्हा कामात परतली.

एका कंपनीने हात आखडता घेताच साऱ्या प्रकल्पाची गती चर्चेचा विषय झाली. परवान्यामुळे प्रोग्रॅम सर्वांचा राहतो. तो सांभाळणाऱ्यांच्या वेळेची हमी मात्र कोणताही परवाना देत नाही. हिंजवडीतील एखाद्या कंपनीने कर्मचाऱ्याला आठवड्यातील दोन तास या कामासाठी दिले, तर ते दान ठरत नाही. ज्या पायावर तिचा व्यवसाय उभा आहे, त्याच्या डागडुजीचा तो खर्च आहे.